गॅस शेवटी बघू

मार्च लागला की या सदराची टपालपिशवी ब्रेक आणि टायर विसरते आणि एसीवर येते. यंदाही तसंच. बहुतेक पत्रांत एक वाक्य ठरलेलं आहे : ‘गॅस भरला तरी फरक नाही.’

मी कोल्हापुरात उद्यमनगरात गाड्यांच्या एसीचं आणि वायरिंगचं काम करतो. दारात गाडी थांबली की आधी विचारतो, वारा येतो का? येत असेल तर तो थंड आहे का? थंड असेल तर हव्या त्या जाळीतून येतो का? वारा नसेल तर ब्लोअर, म्हणजे डॅशबोर्डच्या आतला वारा ढकलणारा पंखा, आणि त्याची वायर बघायची. वारा भलतीकडे जात असेल तर तो वळवणारे आतले पडदे, म्हणजे फ्लॅप, बघायचे. गॅसचा संबंध फक्त मधल्या प्रश्नाशी, आणि तिथंही तो रांगेत बराच मागं उभा असतो. यंदा निवडलेली पत्रं वाचताना हा क्रम लक्षात ठेवा, म्हणजे मी काही ठिकाणी तिरकस का बोलतो ते कळेल.

प्रश्न : माझी छोटी हॅचबॅक आहे. हायवेला एसी गारठवतो, पण गावात सिग्नलला दोन-तीनदा थांबलो की गरम वारा सुरू. या उन्हाळ्यात दोनदा गॅस भरला. आता मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर बदला. बदलू का? (इचलकरंजी)

कॉम्प्रेसरला, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाला, सध्या हात लावू देऊ नका. निम्मं निदान तुम्हीच पत्रात लिहून पाठवलंय. पळत्या गाडीत गार आणि थांबल्यावर गरम, म्हणजे गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरला वारा मिळत नाही. एसी गाडीच्या आतली उष्णता उचलून कंडेन्सरमधून बाहेर फेकतो. हायवेला समोरून वारा आपोआप लागतो. थांबलेल्या गाडीत ते काम पंख्याचं असतं.

एसी लावा, बॉनेट उघडा आणि पंखा फिरतो का बघा. हात लांब ठेवा, बंद दिसणारा पंखा कधीही सुरू होतो. काही गाड्यांत कॉम्प्रेसर लागताच पंखा लागतो, काहींत पाइपमधलं प्रेशर वाढल्यावर लागतो, त्यामुळे दोन मिनिटं थांबून बघा. फिरलाच नाही तर आधी फ्यूज, मग रिले, म्हणजे विजेनं चालणारा छोटा स्विच. रिले तपासायला आमच्या धंद्यातली सोपी युक्ती आहे. फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, बऱ्याचदा हॉर्नचा. दोघांची अदलाबदल करा. पंखा लागला आणि हॉर्न मुका झाला, तर दोष रिलेत. रिले ठीक असेल तर मोटरच्या कनेक्टरवर करंट येतो का बघायचं. येत असूनही मोटर ढिम्म असेल तर मोटर गेली. काही गाड्यांत पंख्याला दोन स्पीड असतात आणि फक्त हळू स्पीडचा रेझिस्टर, म्हणजे करंट कमी करणारा पार्ट, जळलेला असतो. मग पंखा इंजिन तापेपर्यंत झोपून राहतो आणि उशिरा एकदम जोरात उठतो.

पंखा ठीक असेल तर कंडेन्सरच्या जाळीत डोकावा. आमच्याकडे ऊसवाहतुकीच्या दिवसांत पाचटाचा चुरा, धूळ आणि किडे बसून जाळीची भिंत होते. खात्री करायची असेल तर इंजिन आणि एसी चालू ठेवून कंडेन्सरवर साध्या पाइपनं हळू पाणी सोडा, पंख्याच्या मोटरवर आणि वायरिंगवर नको. मिनिटाभरात आतला वारा गार झाला, तर गॅस आणि कॉम्प्रेसर दोघंही निर्दोष सुटले. धुताना मात्र वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारू देऊ नका, कंडेन्सरच्या पात्या आडव्या झोपतात.

आता त्या दोनदा भरलेल्या गॅसबद्दल. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद पाइपांत फिरतो. रबरी होज आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलमधून वर्षाकाठी थोडासा झिरपतो, पण एका उन्हाळ्यात दोनदा भरावा लागत असेल तर गळती आहे. नाहीतर तो कमी झालाच नव्हता. तुमच्या बाबतीत मला दुसरं खरं वाटतं. गरज नसताना भरलेला गॅस कंडेन्सरमध्ये द्रव होऊन साठतो, प्रेशर चढतं आणि थंडावा उलट कमी होतो. त्यात पंखा बंद. साधारण 30 बारच्या आसपास प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडून टाकतो. तोडला नाही तर पाइप फुटेल. तुमचा कॉम्प्रेसर ‘गेला’ असं वाटतं ते यामुळे.

‘मीटर लावून गॅस बघितला’ हे वाक्य ऐकलं की विचारा, गाडी चालू होती की बंद? आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-134ए गॅस असतो. बंद गाडीत 30 अंश तापमानाला दोन्ही मीटर 95 ते 100 पीएसआयच्या घरात एकसारखे उभे राहतात. पाइपांत थोडासाही द्रव शिल्लक असेल तर आकडा तोच. गॅस अर्धा आहे की पूर्ण, हे बंद गाडीचा मीटर सांगूच शकत नाही. चालू गाडीत एक बाजू साधारण 25 ते 45 आणि दुसरी 150 ते 250 च्या दरम्यान दिसते. तीसुद्धा बाहेरच्या उन्हावर हलते.

गॅस मोजायचा खरा मार्ग वजनकाटा. बॉनेटखाली स्टिकर असतो, त्यावर ग्रॅम लिहिलेले असतात. लहान गाडीत साधारण 350 ते 450 ग्रॅम. म्हणजे 100 ग्रॅम इकडेतिकडे झाले तर पाव हिस्सा चुकला. मशीनवर आधी असलेला गॅस काढून तोलायचा, मग निदान 20-30 मिनिटं व्हॅक्यूम लावायचा, म्हणजे आतला ओलावा उकळून निघून जातो. मग पंप बंद करून काटा हलतो का ते बघायचं आणि शेवटी स्टिकरवरचं वजन भरायचं. जुना गॅस हवेत फुस्स करून सोडणाऱ्याकडे जाऊ नका. आर-134ए हा कार्बन डायऑक्साइडच्या 1,430 पट तापमानवाढ करणारा वायू आहे. युरोपात 2017 पासून नव्या मोटारींत तो चालत नाही. आणि ‘स्वस्तातला गॅस’ म्हणून कुणी स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंद भरायला निघाला, तर चावी घेऊन घरी या. गळती झाली की तो तुमच्या पायाशी साठतो आणि ठिणगीची वाट बघतो.

प्रश्न : ब्लोअर 1, 2, 3 वर बंद, 4 वर एकदम जोरात. तसंच चालवू का? (मिरज)

ब्लोअरचा रेझिस्टर जळलाय. 1 ते 3 वर करंट रेझिस्टरमधून जातो, 4 वर थेट मोटरला. म्हणून 4 जिवंत राहतो. पार्ट लहान आहे, बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या मागं दोन स्क्रूवर बसलेला. तो वाऱ्याच्या वाटेतच बसवतात, म्हणजे ब्लोअरच त्याला गार ठेवतो.

पण रेझिस्टर बदलून गाडी सोडून देणारा मेकॅनिक तुम्हाला वर्षाच्या आत परत बोलावणार. रेझिस्टर आपणहून मरत नाही. केबिन फिल्टर तुंबला की वारा कमी होतो आणि तो तापतो. मोटरचं बुश कोरडं पडलं की मोटर जास्त करंट ओढते आणि तो तापतो. म्हणून फिल्टर काढून उजेडात धरा, पलीकडचं दिसत नसेल तर फेका. मोटर हातानं फिरवा, ती सैल फिरली पाहिजे. मोटरच्या पिंजऱ्यात वाळका पाला, उंदरानं कुरतडलेला फोम, एकदा तर शेंगदाण्याची टरफलं निघाली होती. कनेक्टरही बघा. प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं असेल तर तोही बदला, नाहीतर नवा रेझिस्टर जुन्या कनेक्टरच्या संगतीनं जाईल.

एक करू नका. रेझिस्टरवर एक छोटा थर्मल फ्यूज असतो, तो गेला की काही जण तिथं वायरचा तुकडा जोडून देतात. डॅशबोर्डच्या आत आग लागू नये म्हणून तो फ्यूज असतो.

तुमची गाडी ऑटोमॅटिक एसीची असती तर हे निदान लागू नव्हतं. तिथं रेझिस्टर नसतो, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, आणि ते बिघडलं की ब्लोअर एक तर सगळ्या स्पीडला बंद किंवा चावी काढली तरी चालू.

प्रश्न : कोल्हापूरहून पुण्याला जाताना साताऱ्यापर्यंत एसी झकास. पुढं खंबाटकीपर्यंत वारा कमी होत होत जवळजवळ बंद. ब्लोअरचा आवाज मात्र तोच. चहाला थांबून पुन्हा निघालो की परत झकास. गॅरेजमध्ये दाखवलं तर काहीच सापडत नाही. (कोल्हापूर)

गॅरेजमध्ये सापडणारच नाही, कारण गॅरेजला पोचेपर्यंत बर्फ वितळलेला असतो. डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलवर, म्हणजे इव्हॅपोरेटरवर, बर्फ धरतोय. पात्यांमधल्या फटी बुजल्या की ब्लोअर कितीही ओरडला तरी वारा पुढं जात नाही.

कॉइल गोठू नये म्हणून तिच्या पात्यांत तापमानाचा सेन्सर खोचलेला असतो. कॉइल 3-4 अंशांपर्यंत उतरली की तो कॉम्प्रेसर थांबवतो, थोडी तापली की पुन्हा लावतो. गाडी उभी असताना बॉनेटजवळ ‘टक्’ असा आवाज अधूनमधून येतो तो हाच. सेन्सर बिघडला, किंवा कुणी कॉइल साफ करताना तो जागेवरून निसटला, की त्याला गारवा कळत नाही आणि कॉम्प्रेसर थांबत नाही.

पुढच्या वेळी वारा कमी झाला की थांबू नका. फक्त एसीचं बटण बंद करा, ब्लोअर चालू ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत वारा परत आला आणि थांबल्यावर गाडीखाली भसाभसा पाणी पडलं, तर बर्फच होता. मग सेन्सर काढून मीटर लावायचा. बर्फाच्या पाण्यात बुडवला की त्याचा रेझिस्टन्स चढला पाहिजे, मुठीत धरला की उतरला पाहिजे. हलत नसेल तर बदला. ‘टक्’ कधीच ऐकू येत नसेल तर मात्र लगेच घाबरू नका, आजकाल बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर न थांबता आतल्या आत आपला जोर कमी-जास्त करतो.

सेन्सर चांगला निघाला तर केबिन फिल्टर बघा. कमी वाऱ्यातही कॉइल गोठते. ब्लोअर 1 वर, तापमान तळाला आणि रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवत ठेवणं) चालू, अशा थाटात तासन्तास जाणाऱ्यांना हा त्रास जास्त. गॅस थोडा कमी असला तरीही कॉइलच्या एका कोपऱ्यात बर्फ धरतो. बघा, तोही इथं चौथ्या नंबरला आला.

प्रश्न : पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटात काच धुरकटते. एसी लावला तर थंडी वाजते, बंद केला की दोन मिनिटांत काच पांढरी. यजमान म्हणतात हीटर लाव, मुलगा म्हणतो एसी लाव. कोण बरोबर? (गारगोटी)

ताई, दोघांचंही बरोबर. दोन्ही एकदम लावा. हे ऐकून लोक माझ्याकडं संशयानं बघतात, पण गाडीत एसी आणि हीटर ही दोन वेगळी यंत्रं आहेत आणि त्यांना एकत्र चालता येतं. हवा आधी कूलिंग कॉइलवरून जाते, तिथं तिच्यातलं पाणी कॉइलवर सुटतं आणि नळीवाटे रस्त्यावर पडतं. मग तीच कोरडी हवा हीटरवरून जाऊन उबदार होते. कोरडी आणि उबदार हवा काचेवर मारली की धुकं पळतं. एसीचं बटण चालू, तापमानाचा नॉब लालकडे, वारा समोरच्या काचेवर, आणि रिसर्क्युलेशन बंद. हे शेवटचं सगळ्यात जास्त विसरलं जातं. रिसर्क्युलेशन चालू असेल तर चौघांचे श्वास, ओल्या छत्र्या आणि भिजलेले रेनकोट यांची वाफ गाडीतच फिरत राहते. काचेचं चिन्ह असलेलं डीफ्रॉस्टचं बटण दाबलं की पुष्कळ गाड्या एसी आणि बाहेरची हवा स्वतःहून लावतात, तेव्हा आधी तेच दाबून बघा.

एसी बंद केल्यावर दोन मिनिटांत काच पांढरी होते, त्याचं कारण कूलिंग कॉइल ओली असते. एसी थांबला की त्याच कॉइलवरचं पाणी वाफ होऊन उलट काचेवर येतं. थंडी वाजली तर एसी बंद न करता तापमान वाढवा.

धुकं आतून आहे की बाहेरून, हेही बघा. आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर आतून, आणि वर सांगितलेला उपाय. रेघ उमटली नाही तर बाहेरून. हा प्रकार घाटापेक्षा खाली कोकणात आणि मुंबईच्या जुलैत जास्त. बाहेरची हवा दमट असते, तुम्ही गार वारा काचेवर मारून काच थंड करता आणि बाहेरचं दव तिच्यावर बसतं. तिथं एसी वाढवला की वाईटच होतं. वायपर फिरवा, वारा काचेवरून काढून छातीकडे वळवा, तापमान वाढवा.

घाटात उलट-सुलट बटणं शोधत बसू नका. पावसाळ्यापूर्वी एखाद्या रविवारी दारात गाडी उभी करून कुठलं बटण काय करतं ते हाताला शिकवून ठेवा. आणि काच आतून पुसून घ्या. सिगारेट, उदबत्ती आणि नव्या प्लास्टिकचा पातळ तेलकट थर काचेवर बसतो, त्याला वाफ चटकन धरते. काच पुसूनही तो चिकट थर परत येत असेल आणि गोडसर वास येत असेल, तर हीटरची कॉइल गळतेय. तिच्यात इंजिनाचं कूलंट फिरतं. ते काम पुढं ढकलू नका.

प्रश्न : ऑटोमॅटिक एसी, ड्रायव्हरला आणि शेजाऱ्याला वेगळं तापमान. नवी बॅटरी बसवल्यापासून माझ्या बाजूला गरम, बायकोच्या बाजूला गार. डॅशबोर्डमधून टिकटिक येते. बायको खूश आहे, मी नाही. (सांगली)

वहिनी खूश आहेत म्हणजे गॅस, कॉम्प्रेसर, कंडेन्सर सगळं ठीक आहे. गार हवा तयार होते, तुमच्यापर्यंत पोचत नाही.

डॅशबोर्डच्या आत प्लास्टिकचे पडदे असतात, आम्ही त्यांना फ्लॅप म्हणतो. एक गार आणि गरम हवा मिसळतो, एक वारा पायाकडे-छातीकडे-काचेकडे वळवतो, एक बाहेरची किंवा आतली हवा निवडतो. तुमच्या गाडीत मिसळणारा फ्लॅप दोन्ही बाजूंना वेगळा आहे. साध्या गाडीत नॉबला जोडलेली केबल ते ओढते. तुमच्याकडे प्रत्येकाला छोटी मोटर आहे, आत प्लास्टिकची दातेरी चाकं. एखादा दात मोडला की मोटर फिरते, फ्लॅप जागेवर आणि टिकटिक सुरू.

पण बॅटरी काढल्यावर सुरू झालं, म्हणून आधी फुकटचा उपाय. बॅटरी तुटली की कंट्रोल युनिट फ्लॅपची टोकं विसरतं आणि पुन्हा शिकायला बघतं. तेव्हाच कुणी बटणं दाबत बसलं तर अर्धवट शिकतं. चावी बंद करून एसी कंट्रोलचा फ्यूज थोडा वेळ काढा, परत लावा, चावी ऑन करा आणि मिनिटभर पॅनेलला हात लावू नका. काही गाड्यांत यासाठी दोन बटणं एकदम दाबायची असतात, ते मॅन्युअलमध्ये असतं. नाहीच जमलं तर स्कॅनर लावून फ्लॅपला हुकूम द्यायचा आणि तो खरंच हलला का ते बघायचं. टिकटिक तरीही राहिली तर मोटर बदला. तुमच्या बाजूची मोटर बहुधा पेडलच्या वर कुठंतरी अडचणीत असते, त्यामुळे पार्टपेक्षा मजुरी जास्त लागेल आणि ती वाजवी आहे. मोटर काढली की फ्लॅपची दांडी हातानं फिरवून बघायला सांगा. फ्लॅपच अडकलेला असेल तर नव्या मोटरचेही दात जातील.

ऑटोमॅटिक एसीवाल्या सगळ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. डॅशबोर्डवर काचेजवळ एक काळा ठिपका असतो, तो उन्हाचा सेन्सर. नेमका त्याच्यावर गणपतीबाप्पा बसवलेला मी कित्येक गाड्यांत बघतो. बाप्पाच्या सावलीत सेन्सरला वाटतं बाहेर ढग आहेत, आणि एसी आळसावतो. बाप्पाला वीतभर सरकवा. स्टेअरिंगजवळ दोन-चार बारीक भोकांची जाळी असते, तिच्यामागं केबिनचं तापमान मोजणारा सेन्सर. तिच्यावर मोबाइलचा स्टँड चिकटवला किंवा ती धुळीनं बुजली की गाडी 24 सांगते आणि तुम्ही घाम पुसता. मऊ ब्रशनं ती झाडा. तीवर फुंकर किंवा स्प्रे मारू नका.

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, आता कॅनडात एडमंटनला असते. बाहेर उणे 25. हीटर हायवेला उबदार, सिग्नलला थंड. इथल्या गॅरेजचे दर बघून तुम्हाला लिहितेय. (एडमंटन)

इचलकरंजीच्या पत्राची ही बहीणच, फक्त उलट्या स्वभावाची. हीटरला उष्णता इंजिनाच्या कूलंटमधून मिळते. इंजिन जोरात फिरतं तेव्हा पंप कूलंट ढकलतो, सिग्नलला पंप मंद होतो. कूलंट कमी असेल तर हीटरच्या कॉइलमध्ये हवा अडकते आणि मंद पंपाला ती ढकलता येत नाही. डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो का? येत असेल तर जवळजवळ नक्कीच.

इंजिन पूर्ण गार असताना कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. गरम रेडिएटरची टोपी उघडू नका, वाफ तोंडावर येते. आपल्याकडे लोक साधं पाणी ओतून मोकळे होतात, तिथं ते चालणार नाही, इंजिन फुटेल. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते साधारण उणे 37 पर्यंत गोठत नाही. पातळी पुन्हा उतरली तर ती कुठं जाते ते शोधावं लागेल.

पातळी ठीक असेल तर इंजिन तापल्यावर बॉनेटखाली मागच्या भिंतीत शिरणारे दोन रबरी होज सावधपणे चाचपा. दोन्ही गरम आणि आत थंड हवा, तर फ्लॅपचा दोष. एक गरम, एक गार, तर हीटरची कॉइल तुंबली. दोन्ही कोमट आणि तापमानाचा काटा मध्यापर्यंत येतच नाही, तर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडा अडकलाय. तो तुमच्या गावात इंजिनाला कधी तापूच देणार नाही. एवढं तपासून गॅरेजमध्ये गेलात तर निदानाचे पैसे तरी वाचतील.

प्रश्न : पुढच्या डाव्या सीटखालचं कार्पेट ओलं होतं. पाऊस नाही. (पेठ वडगाव)

कूलिंग कॉइलचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली. गाडीच्या खाली इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीजवळ तिचं टोक असतं. दमट दिवशी एसी लावून तिथून थेंब पडले पाहिजेत. खालून मऊ वायर घालून किंवा हळू हवा मारून चिखल काढा. टायरवाल्याचा पूर्ण प्रेशरचा पाइप लावलात तर नळी आतून निसटेल आणि मग डॅशबोर्ड उघडावा लागेल. पाणी चिकट किंवा रंगीत असेल तर ते पाणी नाही, कूलंट आहे. गगनबावड्याचं उत्तर वाचा.

प्रश्न : ट्रकमध्ये एसी सक्तीचा झाला म्हणतात. माझा ट्रक जुना आहे. दंड होईल का? (कराड)

नाही. नियम 1 ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या ट्रकसाठी आहे, आणि तोही साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या. जुन्यात बसवायचा असेल तर ट्रक 24 व्होल्टचा आहे हे विसरून मोटारीचे पार्ट जोडणाऱ्यापासून दूर राहा. मला विचाराल तर हा नियम फार आधी यायला हवा होता. मे महिन्यात तापलेल्या केबिनमध्ये मीटर लावताना माझे हात भाजतात, ड्रायव्हर तिथं दिवस काढतो.

प्रश्न : एसी सारखा चालू-बंद केल्यानं कॉम्प्रेसर खराब होतो का? आणि तासाभरानं आपोआप बंद पडतो, इंजिन गार झालं की पुन्हा लागतो, हे कशानं? (निपाणी)

चालू-बंद करायलाच तर कॉम्प्रेसरला स्वतःचा विजेवरचा क्लच दिलाय. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं 1940 च्या मॉडेलला पहिल्यांदा कारखान्यातूनच एसी दिला, तेव्हा क्लच नव्हता. एसी नको असेल तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागे. तुम्ही बटण दाबताय, बिनधास्त दाबा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याच क्लचमध्ये आहे. कॉम्प्रेसरच्या पुलीत विजेचं चुंबक असतं, ते समोरची पाटी ओढून धरतं. दोघांतली फट साधारण 0.3 ते 0.6 मिलिमीटर असावी. वर्षानुवर्षं घासून ती वाढते. गार असताना चुंबक कसंबसं पाटी ओढतं. तापलं की चुंबकाच्या कॉइलचा रेझिस्टन्स वाढतो, करंट कमी होतो आणि पाटी सुटते. एसी बंद पडला की लगेच कनेक्टरवर मीटर लावायला सांगा. 12 व्होल्ट येत असूनही पाटी ओढली जात नसेल तर इंजिन बंद करून फीलर गेजनं फट मोजायची. पाटीमागं पातळ वॉशर असतात, त्यातला एक कमी केला की बहुतेक वेळा काम होतं. गॅस काढायचा नाही, पाइप उघडायचा नाही, कॉम्प्रेसर जागेवरच. व्होल्टच येत नसतील तर क्लचला दोष देऊ नका. रिले, प्रेशर स्विच आणि कूलिंग कॉइलचा सेन्सर या वाटेनं मागं जा. आणि तुमच्याकडंही कुणी सिलिंडर घेऊन तयार उभा असेल, तर त्याला चहा पाजा आणि थांबायला सांगा.